शंभर टक्के वॉटरप्रूफ साहेबांस

प्रति,
‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असा शिक्का मारून बिव्ही बॅग (म्हणजे तंबूशिवाय उघड्यावर झोपायची पिशवी) विकणारे साहेब यांस,

विषय : आपली पिशवी खरोखरच वॉटरप्रूफ निघाल्याबाबत.

साहेब,

सर्वप्रथम अभिनंदन स्वीकारावं. आमच्या नांदेडात वॉटरप्रूफिंग करून घेतलेली गच्ची पहिल्याच मृगात पाझरते आणि वॉटरप्रूफ घड्याळ हात धुताना मरतं. तुमचा माल त्यातला नाही. भाद्रपदातल्या एका रात्री किनवट तालुक्यात मामांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतावरच्या वस्तीवर, उघड्या खळ्यात, मी तुमच्या पिशवीत झोपलो. रात्रभर पावसानं झोडपलं. एक थेंब आत आला नाही. आतलाही एक थेंब बाहेर गेला नाही, आणि हे पत्र त्याबद्दल आहे.

पहाटे चेन ओढून बाहेर पडलो तेव्हा बनियन पिळलं तर धार लागत होती. पिशवीच्या आतल्या अंगाला बारीक थेंब दाटीवाटीनं बसले होते. बोट फिरवलं की ओघळ. पायाकडच्या कोपऱ्यात तर चक्क डबकं. मामांचा सालगडी बॅटरी घेऊन बघायला आला. त्यानं मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाला, “का हो मालक, पाऊस तर वरून पडायलाय, तुम्ही आतून कसं काय भिजलाव?”

हाच प्रश्न मी तुमच्या कस्टमर केअरला विचारला. उत्तर आलं की ओलावा वापरकर्त्याच्या शरीरातून आलेला असल्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही. मान्य. माझं शरीर मी तुमच्याकडून घेतलेलं नाही.

पण ते शरीर तुमच्या पिशवीत झोपणार, एवढं तरी तुम्हाला ठाऊक असावं. झोपलेला माणूसही रात्रभरात त्वचेतून आणि श्वासातून पाव लिटरभर पाणी सहज सोडतो. उकाड्यात याच्या किती पट, ते मराठवाड्यातल्या कोणत्याही उशीला विचारा. खोलीत हे पाणी हवेत विरून जातं. तंबूत निदान डोक्यावर दोन-तीन हात मोकळी जागा असते. तुमच्या पिशवीत नाकापासून कापड चार बोटांवर. वाफ कापडाला टेकते, कापड पावसानं गार झालेलं असतं, तिचं तिथंच पाणी होतं आणि ते मालकाला साभार परत येतं. हे शाळेतल्या विज्ञानात आहे. तुमच्या माहितीपत्रकात नाही.

माहितीपत्रकात आहेत दोन मोठे आकडे. पहिला, 10,000 मिलिमीटर. म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपणार नाही. लातूरच्या गिऱ्हाइकाला हा आकडा ऐकवताना जरा भान ठेवत चला. 2016 च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली ती दहा वाघिणींत पाच लाख लिटर घेऊन, आणि लोक ती बघायला गेले होते. दहा मीटर उभं पाणी तेव्हा तिथं विहिरीतसुद्धा दिसत नव्हतं. ते अंगावर कोसळेल या भीतीनं पिशवी कोण घेईल? आभाळातून पडणाऱ्या पावसाला दीड-दोन हजार मिलिमीटरचं कापड पुरतं. जास्तीचा जोर लागतो तो खालच्या बाजूला, कारण कोपर आणि कंबर ओल्या जमिनीवर दाबली की पाणी वर शिरतं. तुम्ही मात्र वर-खाली एकच कापड लावून मोकळे.

दुसरा आकडा जास्त गमतीचा. एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, तो. इथंही 10,000. ही वाफ मोजायच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं येतं. म्हणजे पद्धत सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. तुम्ही पद्धत सांगितली नाही. म्हणून मी घरचीच वापरली. पेल्यात कडकडीत पाणी घेतलं, तोंडावर तुमच्या पिशवीचं कापड रबरानं ताणून बांधलं आणि त्यावर कोरडा काचेचा ग्लास उपडा ठेवला. कापडातून वाफ जात असेल तर वरचा ग्लास थोड्या वेळात धुरकटतो. माझा चहा पिऊन झाला, पेपर वाचून झाला, ग्लास आरशासारखा लख्ख. मग मित्राच्या जुन्या, चांगल्या मेंब्रेनच्या जाकिटाची बाही तशीच बांधली, तर काच लगेच पांढरी झाली. प्रयोगाला खर्च शून्य. तुम्हीही माल पाठवण्याआधी करून बघू शकता. ग्लास नसेल तर मी पाठवतो.

ते मेंब्रेन म्हणजे मोठी करामत आहे, यात वाद नाही. 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं तापवलेलं प्लास्टिक एका झटक्यात ताणलं आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. पाण्याच्या थेंबाला त्यातून शिरता येत नाही, वाफेला निसटता येतं. पुढे यातून जाकिटं झाली, बूट झाले, बिव्ही बॅगाही झाल्या. तुमची पिशवी या घराण्यातली नाही. साध्या नायलॉनवर पॉलियुरेथेनचा जाड हात मारलेला आहे, आणि तो हातही आमच्या उन्हाळ्यात माळ्यावर टाकून ठेवला तर दोन-चार वर्षांत चिकट होऊन सुटायला लागेल. तरी त्यावर ‘ब्रीदेबल’ लिहिण्याचं धाडस तुम्ही केलंत.

आता एक गुपित सांगतो, त्याचे पैसे घेणार नाही. मेंब्रेनची अस्सल, महागडी पिशवी घेतली असती तरी त्या रात्री मी भिजलोच असतो, फक्त थोडा कमी. वाफ बाहेर जाते ती आतबाहेरच्या फरकाच्या जोरावर. आत ऊब आणि दमटपणा, बाहेर थंड कोरडी हवा, असं असलं की ती पळत सुटते. भाद्रपदात किनवटच्या रानात रात्री तेवीस-चोवीस अंश आणि हवा पाण्यानं गच्च भरलेली. त्यात कापडाचा बाहेरचा थर चिंब. वाफेनं जायचं कुठं आणि कशासाठी? आणि ज्या दिवसांत ही पिशवी नीट काम करेल, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, नांदेडचा पारा दहा-बाराला टेकलेला असताना, तेव्हा पाऊसच नसतो. असतं ते दहिवर, आणि त्याला एक पातळ चादर पुरते. आमच्याकडे पाऊस आणि थंडी एका घरात नांदत नाहीत. आल्प्सच्या कड्यावर गिर्यारोहकाला रात्र काढायची वेळ येते तिथं त्या सख्ख्या बहिणी असतात, म्हणून तिथं हा प्रकार जन्मला. तुम्ही ती हवा इथं मागवली नाही, नुसती पिशवी मागवलीत.

अवकाळी विसरलो असं वाटेल, नाही विसरलो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात अशी गारपीट झाली की उभी ज्वारी आणि गहू झोपले, जनावरं आणि पक्षी मेले. त्या वेळी थंडीही होती, पाणीही होतं. पण विजा कडाडत असताना आणि लिंबाएवढ्या गारा पडत असताना उघड्यावर पिशवीत पडून राहायचं नसतं, पक्कं छप्पर गाठायचं असतं. आपल्या माहितीपत्रकातला हसतमुख तरुण त्या वेळी काय करतो, ते चित्र छापलेलं नाही.

आणखी एक ओळ खटकली. ‘भूकंपासारख्या आपत्तीतही उपयुक्त.’ साहेब, हे वाक्य लातूर जिल्ह्यात पाठवताना नकाशा तरी उघडायचा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारी. गणपती विसर्जनाची रात्र होती. हजारो माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली आणि वरून पाऊस आला. वाचलेल्यांनी प्लास्टिकच्या कागदाखाली आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. त्यानंतर या भागातला माणूस कितीतरी रात्री अंगणात झोपला तो हातपाय मोकळे ठेवून, उठून पळता येईल असा. गळ्यापर्यंत चेन ओढून नाही. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडून साडेचार रिश्टरचे धक्के आले तेव्हा नांदेडातही लोक सकाळी आहे त्या कपड्यांत खाली धावले होते. तुमच्या पिशवीची चेन आतून उघडायची खूण अंधारात सापडायला मला बराच वेळ लागला होता. ती ओळ काढून टाका. यात मी थट्टा करत नाहीये.

उघड्यावर कसं झोपायचं हे शिकायचं असेल तर एकदा माळेगावला या, लोहा तालुक्यात. खंडोबाची जत्रा, डिसेंबरच्या सुमारास. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी बैल, आणि त्यांच्याबरोबर दूरदूरहून आलेली माणसं मोकळ्या माळावर मुक्काम टाकतात. त्यांची पालं बघा. दोन मेढी, वर आडवी काठी, त्यावर कापड किंवा ताडपत्री, कडा खुंट्यांना ताणलेल्या आणि दोन्ही तोंडं उघडी. वारा एकीकडून शिरतो, दुसरीकडून निघतो. माणसाची वाफही त्याच्याबरोबर जाते. त्या माणसांना ग्रॅममधला आकडा कुणी सांगितलेला नाही. अंगावर घोंगडी असेल तर तीही कामाची, कारण लोकर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही ओली लागत नाही. अर्थात घोंगडी पाठीवर टाकून माहूरगड चढायचा सल्ला मी देणार नाही. भिजली की ती बकऱ्याच्या वजनाची होते आणि वासही त्याचाच येतो.

हलकंच हवं असेल तर हिशेब सरळ आहे. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या मोंढ्यात ताडपत्री जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम त्यावर, मिळते. सोयाबीनच्या गंजीवर टाकायला शेतकरी घेतात तीच. दहा बाय दहा फुटी, 120 जीएसएमची घेतली तर वजन सव्वा किलोच्या आत. सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचं तेवढंच छप्पर घेतलं तर अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत मात्र जास्त. खाली एक जाड प्लास्टिकचा तुकडा, वर हे तिरकं ताणलेलं छप्पर, आणि मधे मच्छरदाणी. तुमची पिशवी साडेचारशे ग्रॅमची, हे कबूल. पण सकाळी तिच्यात माझं अर्धा लिटर पाणी होतं. तेही वजनात धरा.

मच्छरदाणीवरून आठवलं. जमिनीवर बंद होणाऱ्या पिशवीत झोपायचा आमच्या भागात एक खरोखरचा फायदा आहे, आणि तुम्ही तोच सोडून बाकी सगळं छापलंय. पावसाळ्यात मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फार दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. माणूस डास समजून कूस बदलतो आणि पहाटे पापण्या जड व्हायला लागतात. विंचवाचं तर विचारूच नका, दगड उचलला की हजर. अशा ठिकाणी तोंडाशी बारीक जाळी असलेली, चेन पूर्ण लागणारी पिशवी म्हणजे मोठा आधार. ‘साप-विंचवापासून संरक्षण’ एवढं लिहिलं असतंत तर आखाड्याआखाड्यावर माल खपला असता. पण तुमच्या पिशवीला जाळीच नाही. तोंड बंद केलं तर गुदमरायचं, उघडं ठेवलं तर मण्यारीला आमंत्रण. मी ते पाऊस शिरणार नाही इतपत उघडं ठेवलं होतं आणि रात्रभर प्रत्येक बेडकाच्या उडीला दचकत होतो.

पुढच्या मालासाठी सूचना मागितल्यात म्हणून लिहितो. खाली जाड कापड, वर वाफ सोडणारं. शिवणींवर आतून टेप. तुमच्याकडे ती आहे, त्याबद्दल धन्यवाद. डोक्याशी एक वाकणारी काडी, म्हणजे कापड तोंडावर पडत नाही आणि श्वास जाळीतून बाहेर जातो. चेन दोन्हीकडून उघडणारी, तिच्या टोकाला अंधारात हाताला लागेल अशी दोरी. स्लीपिंग बॅग आत फुगून राहील एवढी रुंदी. दाबली की तिची ऊब जाते. हे सगळं करून वजन सातशे-आठशे ग्रॅम झालं तर होऊ द्या. आणि पाकिटावर कुठं वापरावी हे छापा. हिमालयात, ऑक्टोबरात, एकट्यानं जाणाऱ्यानं ती जरूर घ्यावी. श्रावणात सहस्रकुंडाच्या धबधब्याला निघालेल्या पोरांना विकू नका.

कळावे, लोभ असावा,

आपला (आतून) ओला ग्राहक,
नांदेड

ता. क. वापरलेला माल परत घेत नाही, असं आपण कळवलंत. काही हरकत नाही. मामांच्या सालगड्यानं पिशवी विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीला उलटी घातली आहे, तोंड सुतळीनं बांधून. दोन पावसाळे झाले, एकदाही शॉर्ट झाली नाही. स्टार्टरला घाम येत नाही. जाहिरातीसाठी फोटो हवा असेल तर कळवा.