प्रवरेकाठचा बॅकअप

नेवाशाला बॅकअपचं महत्त्व शिकवायला नगरहून पोरगा बोलवावा लागला, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. (नगरचं अहिल्यानगर झालं, एसटीची पाटी बदलली, तोंडातली बदलायला अजून थोडा वेळ लागेल.)

झालं असं, की आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर ऐन बाजारच्या दिवशी बसला. शाखाधिकारी म्हणाले, "बसलाय ना? मग उठेल." तो काही उठेना, तेव्हा उपचार सुरू झाले. शिपायाने टेबलफॅन लावला. एका संचालकाने डब्याला दोन थापा मारल्या. त्यांच्या जुन्या टीव्हीला हा इलाज लागू पडायचा. चेअरमनसाहेबांच्या भाच्याकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट होतं. तो म्हणाला, "फॉरमॅट मारू, नवी विंडोज टाकू. पळंल!"

नगरचा पोरगा नेमका तेव्हाच पोचला आणि त्याने आधी प्लग उपटला. "कोणी हात लावला?" सगळे भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोकडे बघू लागले.

त्याचं म्हणणं साधं होतं. फाइल उडाली की बहुतेक वेळा तिचा पत्ता तेवढा पुसला जातो, मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मात्र संपलं. डिस्क आतून बिघडलेली असेल, तर पुन्हा पुन्हा चालू केल्याने तिचं हेड तबकडी खरवडू शकतं. म्हणून मूळ डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही अशी सोय करून तिची हुबेहूब प्रत काढायची आणि सगळी खटपट त्या प्रतीवर करायची.

"पण आमच्याकडे दोन डिस्क आहेत. एकीवरचं दुसरीवर आपोआप उतरतं," शाखाधिकारी म्हणाले.

"एक मेली तर दुसरी कामाला येते, साहेब. पण एकीवरचं चुकून खोडलं, तर दुसरीही तेवढ्याच निष्ठेने खोडते. बॅकअप कुठंय?"

"रोज घेतो की. ह्याच सर्व्हरवर. डी ड्राइव्हला."

पोराने डोळे मिटले. मग त्याने नियम सांगितला : प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाळा, हा नियम या गावाने कधीचाच पाळलाय." शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी इथल्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. मग प्रती निघाल्या, गावोगाव गेल्या, शिवाय लोकांच्या तोंडी बसल्या. हे साधन तर लोडशेडिंगमध्येही चालतं. तीनशे वर्षांत नकलनविसांच्या चुका आणि हौशी मंडळींच्या पदरच्या ओव्या आत घुसल्या. तेव्हा पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये प्रती ताडून पाहिल्या आणि पाठ शुद्ध केला. वर बजावून ठेवलं, की यात कोणी आपली ओवी घालेल, तर त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं. फाइल 'रीड ओन्ली' करण्याची याहून खमकी पद्धत मला माहीत नाही.

पोरगा म्हणाला, "बघा! आणि तुम्ही डी ड्राइव्हला ठेवता."

शेवटी शाखाधिकाऱ्यांच्या कपाटात एक पेन ड्राइव्ह सापडला. त्यात एका लग्नाचे फोटो होते, आणि फोटोंच्या खाली मार्चअखेरचा डेटा. तो पोराने थेट सर्व्हरवर न चढवता आधी दुसऱ्या मशिनवर उघडून पाहिला, कारण न उघडलेल्या बॅकअपवर त्याचा विश्वास नव्हता. मार्चनंतरचं बरंचसं डिस्कच्या प्रतीतून निघालं. मधली भगदाडं पिग्मी एजंटांच्या पावत्यांनी बुजवली. उन्हातान्हात दुकानं फिरणाऱ्या या माणसांना संस्थेत कोणी खुर्ची देत नसे. त्या आठवड्यात त्यांना चहा मिळाला, तोही बशीसकट.

खातेदारांनी पासबुकं ताडून पाहिली. जमा-नावे जुळलं. चेअरमनसाहेबांनी पोराला शाल-नारळ दिला आणि यापुढे दर शनिवारी एक प्रत तालुक्याबाहेर जाईल, असं जाहीर केलं.

टाळ्या थांबल्यावर थकबाकीच्या यादीतले एक ज्येष्ठ कर्जदार पोराजवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "का हो इंजिनियरसाहेब, हे दर शनिवारी करायलाच लागतं का?"