प्रति, कर्जाचं बटण मोठं करणाऱ्या महोदयांस

आमच्या बँकेच्या ॲपचा पडदा कसा दिसावा हे ठरवणारे महोदय,

नमस्कार. पत्राच्या आरंभी ‘सप्रेम’ लिहायची आपल्याकडे पद्धत आहे, पण तुमच्यासाठी तो शब्द मनातून निघत नाही. तेव्हा नुसता नमस्कार घ्या.

शाखेत तुमची चौकशी केली तर "हे सगळं वरून येतं" एवढंच उत्तर मिळालं. त्या वरच्या खुर्चीवर तुम्ही एकटे असा नाहीतर दहा जण असा, बटण आपोआप मोठं होत नाही. कुणीतरी बैठकीत म्हणालं असणार, ‘हे हिरवं करा, ते फिकं करा.’ त्या कुणालातरी हे पत्र आहे.

लाईट बिल भरायला मी ॲप उघडते. पिन टाकला की पडदाभर अभिनंदन. कशाबद्दल? मी न मागितलेलं कर्ज मला मंजूर झालं, त्याबद्दल. खाली ठसठशीत हिरवं बटण, ‘पुढे जा’. कोपऱ्यात फुली, करड्यावर करड्या रंगाची, चष्मा लावूनही शोधावी लागेल अशी. ती सापडून दाबली गेली की क्रेडिट कार्ड. ते मागे सारलं की विमा. विमा नाकारायचा तर त्या बटणावर तुम्ही लिहिलंय, ‘नको, मला कुटुंबाच्या सुरक्षेची काळजी नाही.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला स्वतःचं कुटुंब आहे का, हा प्रश्न मी तुम्हाला गंभीरपणे विचारते आहे. दोनशे-चारशे रुपयांचं बिल भरायला आलेल्या बाईकडून, ती पुढे सरकण्याआधी, तुम्ही हा कबुलीजबाब घेता. आणि बिल भरायची जागा? ‘इतर सेवा’ उघडा, त्यात ‘भरणा’ शोधा, त्यात खाली सरकत जा. ज्या कामासाठी खातेदार रोज येतो ते काम तुमच्या लेखी ‘इतर’ आहे.

पोस्टमन दारात मनीऑर्डर घेऊन यायचा, अंगठा किंवा सही घ्यायचा, नोटा मोजून हातात द्यायचा. पैसे देण्याआधी त्याने पोतडीतून साड्या काढून विकायला मांडल्या असत्या, तर गावाने त्याला दुसऱ्या दिवशी वेशीच्या आत घेतलं नसतं. तुम्ही नेमकं तेच करता, आणि त्याबद्दल तुमच्या कंपूत बक्षिसं वाटली जात असतील.

आता माझ्या मावशीबद्दल. ती वाईला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची हयात गेली, सातवीच्या मुलांना चक्रवाढ व्याज शिकवण्यात. भिशीचे हिशेब तिच्या वहीत पैशापैशाने जुळलेले असत. गुडघे धरले म्हणून भरणा केंद्राच्या पायऱ्या तिला झेपेनाशा झाल्या आणि तिने मोबाईलवरून बिल भरायला शिकून घेतलं. कागदावर पायऱ्या लिहून, तो कागद फोनच्या कव्हरमध्ये ठेवून शिकली. पहिलं बिल भरलं त्या दिवशी तिने मला फोन करून पावतीचा क्रमांक वाचून दाखवला होता. इतका आनंद.

त्यानंतर तुमचं ॲप ‘अपडेट’ झालं. तिच्या कागदावर लिहिलेल्या पायऱ्यांच्या आधी तुमचा हिरवा पडदा आला. ‘पुढे जा’ म्हटलंय म्हणजे बिलाकडे जायचं असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या पडद्यावरही ‘पुढे जा’. मग ओटीपी आला. बिल भरतानाही ओटीपी टाकायची सवय तुम्हीच तिला लावलेली, तेव्हा तो टाकला. मेसेज इंग्रजीत होता. त्यातले सहा आकडे तेवढे वाचायचे असतात, हेही ती तुमच्याकडूनच शिकली होती. आणि प्रक्रिया शुल्क, त्यावरचा जीएसटी कापून तीन लाखांतली उरलेली रक्कम तिच्या पेन्शनच्या खात्यात येऊन पडली. लाईट बिल तसंच राहिलं.

पासबुक भरून आणायला गेली तेव्हा तिला कळलं. तोवर हप्ता लागू झाला होता. कर्ज नको असेल तर ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं, ही सोय डिजिटल कर्जाच्या नियमांतच आहे. पण आपण कर्ज घेतलंय हेच जिला ठाऊक नाही ती मुदत कशी मोजणार? शेवटी सगळं फेडलं. व्याजासकट, मुदतपूर्व फेडीच्या आकारासकट. काउंटरवरच्या मुलीने मात्र खूप मदत केली. दुपारची जेवायची सुट्टी सोडून तिने अर्ज लिहून दिला, हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या बँकेत चांगली माणसं आहेत आणि तुम्ही रचलेल्या पडद्यांमुळे शिव्या ती खातात.

पैसे गेले ते गेले. मावशी घरी येऊन म्हणाली, "मला आता काही कळेनासं झालं गं, वय झालं माझं." या वाक्यासाठी मी तुम्हाला क्षमा करू शकत नाही. तिला सगळं कळत होतं. व्याज तर तिला तुमच्या बैठकीतल्या अर्ध्या लोकांपेक्षा जास्त कळतं. न कळण्याची तजवीज तुम्ही केलीत, पगार घेऊन, विचारपूर्वक, आणि लाज मात्र तिच्या वाट्याला आली. तिने ॲप काढून टाकलं. आता ती दर महिन्याला रिक्षाने भरणा केंद्रात जाते आणि कठड्याला धरून पायऱ्या चढते.

तुमच्या मराठीबद्दलही बोललं पाहिजे. ॲपमध्ये भाषा मराठी निवडली की अभिनंदनाचा पडदा अस्खलित मराठीत येतो. ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक, ‘तुमच्या स्वप्नांना पंख’ वगैरे. विम्याचा टोमणाही शुद्ध मराठीत. पण व्याजदर, शुल्क, हप्ता चुकला तर होणारा आकार, हे सारं इंग्रजीत, बारीक अक्षरांत, पानामागून पानं. बिलाच्या बाजूला तर ‘रद्द क’ एवढंच दिसतं, कारण शेवटचं अक्षर मावेल इतकी जागा त्या बटणाला द्यावी असं तुम्हाला वाटलं नाही. भुलवायला मराठी आणि बांधायला इंग्रजी! मराठी जाणणारा चांगला माणूस तुमच्याकडे आहे, हे जाहिरातीवरून दिसतंच. त्याला शर्तींचं पान कधी दिलं गेलं नाही, एवढंच.

रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना कर्जाची खरी किंमत सांगणारं मुख्य तथ्यांचं विवरणपत्र द्यायचं, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगायचा आणि समजल्याची पोच घ्यायची. तुम्ही घेतलेली पोच म्हणजे आधीच बरोबरची खूण करून ठेवलेला एक चौकोन. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी अधिसूचित केले: खोटी घाई, सतत टोचणी, जाहिरातीला मजकुराचा वेष, एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं, सोयीचं बटण उजळ आणि गैरसोयीचं फिकं. नकार देणाऱ्याला लाजवण्याचाही त्यात स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्याचं दिलेलं उदाहरण विम्याचंच आहे: विमानाचं तिकीट काढताना विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ असं म्हणायला लावणारं वाक्य. तुमच्या बटणावरचं वाक्य त्याचं सख्खं भावंड शोभतं. ती यादी तुमच्या कार्यालयात नक्की आली असणार. मला तर अशी शंका आहे की मनाई म्हणून आलेला कागद तुमच्याकडे कृतीपुस्तिका म्हणून वापरला गेला.

दृष्टिहीन खातेदाराचा विचार तर तुमच्या दारापर्यंत पोचलेलाच नाही. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ फोन वाचून दाखवणारी सोय वापरतात. त्यांचा फोन तुमच्या ॲपवर बोलतो तो असा: "बटण. बटण. चित्र. बटण." कोणतं बटण पैसे देणारं आणि कोणतं कर्ज घेणारं, हे त्यांनी अंदाजाने ठरवायचं. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांना केवायसी करता येत नाही, यावरूनच उभं राहिलं होतं. बटणाला नाव देणं हे एका दुपारचं काम आहे, असं या क्षेत्रातली माझी भाची सांगते. तुमच्या एवढ्या अपडेटमध्ये ती एक दुपार कधी निघाली नाही.

आणि ‘पेंडिंग’. बिलाची शेवटची तारीख, खात्यातून पैसे गेले, पडद्यावर चक्र फिरतंय, मग लाल अक्षरांत ‘काहीतरी चुकलं’. काय चुकलं? पैसे कुठे आहेत? परत भरू की थांबू? यातल्या एकाही प्रश्नाला तिथे उत्तर नाही, म्हणून घाबरून लोक दुसऱ्यांदा भरतात. वीज बिलात जास्तीचा भरणा पुढच्या बिलात वळता होतो, पण ज्याचा महिना मोजून चालतो त्याचे तेवढे पैसे अडकलेच. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं की यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि त्याला भरणा झाल्याची खात्री मिळाली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे रोजचे ₹१०० भरपाईचे, तेही खातेदाराने न मागता. ‘न मागता’ हे तिथे स्पष्ट लिहिलंय. ‘तुमचे पैसे सुरक्षित आहेत, अमुक तारखेपर्यंत परत येतील, दुसऱ्यांदा भरू नका’ एवढं वाक्य त्या लाल अक्षरांखाली टाकायला काय लागतं? कर्जाच्या पडद्यावर तुम्ही सुटणाऱ्या फटाक्यांचं चलचित्र बसवलंय. हे वाक्य त्याहून स्वस्तात झालं असतं.

हा राग ॲपवर नाही, हे नीट समजून घ्या. लाईट बिलासाठी अर्धी रजा टाकून रांगेत उभे राहिलेल्यांपैकी मी आहे. खिडकीशी पोचावं आणि ‘लंच टाइम’ची पाटी लागावी, हे मी पाहिलंय. आज मुलगी दुबईत बसून चिपळूणच्या आईवडिलांची घरपट्टी भरते, आणि मंडईतली मेथीवाली सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून कोड पुढे करते. ही सोय तुम्ही निर्माण केलेली नाही. रघुराम राजन गव्हर्नर असताना, ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयची चाचणी सुरू झाली. वीज, पाणी, गॅस, फोन सगळ्यांची बिलं एका जागी भरून हातात संदर्भ क्रमांक पडावा म्हणून भारत बिल पेमेंट सिस्टीम उभी राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे एका महिन्यातले व्यवहार पहिल्यांदाच २००० कोटींच्या वर गेले. हा सार्वजनिक रस्ता आहे, सामान्य माणसाच्या विश्वासावर रुळलेला. त्यातला मोठा वाटा अशा माणसांचा आहे, ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्यालाही हे जमतं. तुम्ही त्या रस्त्याच्या तोंडाशी पथारी पसरलीत, आणि नजर बारीक झालेल्या, इंग्रजी अडणाऱ्या, घाईत असलेल्या माणसाचीच वाट पाहात बसलात. कर्ज विकायला माझी हरकत नाही. ज्याला हवं तो शोधत येईल, त्याला त्याच्या भाषेत व्याज सांगा आणि द्या. जो बिल भरायला आलाय त्याला बिल भरू द्या.

तेव्हा मागणी अशी: ॲप उघडल्यावर पहिल्या पडद्यावर बिलं, पैसे पाठवणं आणि शिल्लक. ‘हो’ आणि ‘नको’ एकाच मापाचे, एकाच रंगाचे. कर्जाच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये पहिलाच शब्द ‘कर्ज’, खातेदाराने निवडलेल्या भाषेत. आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यावर कर्ज टाकण्याआधी शाखेतून एक फोन, जिवंत माणसाचा. यातल्या कशालाही नवं तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो तुमच्या बैठकीत ‘हे बरोबर नाही’ असं म्हणणारा एक आवाज.

बँकेकडे रीतसर तक्रार नोंदवली आहे, तिचा क्रमांक मिळाला आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईल. एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून आहे, तिथे शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही. पासबुकाच्या नकला, त्या दिवशीचे मेसेज आणि तुमच्या प्रत्येक पडद्याचे फोटो, फुलीभोवती लाल वर्तुळ करून, फाईलला लावले आहेत. अर्ज मावशीने स्वतः लिहिला आहे, शाईच्या पेनाने, मराठीत. व्याजाचा हिशेबही तिनेच मांडला आहे, आणि तुमच्या बँकेने घेतलेल्या रकमेशी तो जुळत नाही. फरक किती आहे आणि तो का आहे, हे तिला लेखी हवं आहे.

आपल्या बँकेची जुनी खातेदार