आई पहिल्या वर्गात, बाबा दुसऱ्या

दुबई,
रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठणठणीत आहोत, हे आधी. माझं बीपी, शुगर आणि नोकरी, तिन्ही जागेवर आहेत. परवा फोनवर मी नुसतं 'मृत्युपत्र करतोय' म्हणालो, तर आईने लगेच व्याडेश्वराला अभिषेक सांगून टाकला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

इथे खातेदार गेल्याचं बँकेला कळलं की खातं गोठतं. कोर्टाने वारस ठरवेपर्यंत त्यातला दिरहम हलत नाही. घरभाड्याचे चेक मात्र आपण वर्षाच्या सुरुवातीलाच पुढच्या तारखा टाकून देऊन ठेवलेले असतात. ते बिचारे ठरल्या दिवशी वटायला जातात. त्यांना सुतक नसतं.

बाबा, तुम्ही म्हणालात, "सूनबाईचं नाव आहे ना खात्यावर?" आहे. पण तिकडे पासबुकावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' छापलेलं असलं की मागे राहिलेल्याचं भागतं, तसं इथे नाही. मागे राहिलेल्याने दहा दिवसांत बँकेला कळवायचं आणि बँकेने गेलेल्याचा हिस्सा अडवायचा. म्हणजे दहाव्याच्या आत बँकेची पायरी चढायची.

मृत्युपत्र नसेल तर वाटणी कायद्याने ठरवून ठेवली आहे. २०२३ पासून मुस्लिमेतरांसाठी वेगळा कायदा लागू झाला. त्याप्रमाणे निम्मं बायकोला, निम्मं मुलांना. आईवडिलांचा नंबर मूल नसेल तरच. चिमी आहे, तेव्हा तुम्हा दोघांना इथला एक फिल्सही नाही.

तिकडच्या खात्यांना आपला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा. त्यात आई पहिल्या वर्गातली वारस आणि बाबा दुसऱ्या वर्गातले. आई, हे वाक्य बाबांना मोठ्याने वाचून दाखव. "नॉमिनी लावला की झालं," असं ते म्हणतील. तर नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे, पण मालक वारसच. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं.

म्हणून मृत्युपत्र. दुबईच्या आर्थिक केंद्रात, म्हणजे डीआयएफसीत, २०१५ पासून मुस्लिमेतरांची मृत्युपत्रं इंग्रजीत नोंदवता येतात. आमचं काही बरंवाईट झालं तर चिमीला कोणी सांभाळायचं, तेही त्यात लिहिता येतं. फी विचारू नका. तुम्ही रुपयांत गुणाकार कराल आणि तुमचीच तब्येत बिघडेल.

एक गंमत मात्र वकिलाने दाखवली. मृत्युपत्राच्या तयार मसुद्यात सुरुवातीलाच 'याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द' असं ठोकून दिलेलं असतं. इथलं मृत्युपत्र आधी आणि भारतातलं नंतर केलं, तर त्या एका ओळीने इथलं सगळं मुसळ केरात! म्हणून दोन मृत्युपत्रं करतोय. इथलं फक्त इथल्या खात्यांपुरतं, तिकडचं तिकडच्यापुरतं, आणि दोन्हींत तसं स्पष्ट लिहायचं. दोन्हीकडे तुमची तरतूद आहे. बाबांचीसुद्धा.

"अभद्र बोलू नये" हे मला मान्य आहे, बाबा. पण पणजोबा अभद्र बोलले नाहीत, आजोबा बोलले नाहीत, आणि आज आपल्या कलमांच्या बागेच्या सातबारावर नावांची अशी पंगत बसली आहे की निम्म्यांना बाग कुठे आहे तेही ठाऊक नाही. वाटपाच्या तारखांना तुम्ही किती वर्षं चिपळूणला खेपा घातल्यात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा दोन कामं. आई, लोखंडी कपाटात आमच्या लग्नाच्या नोंदणीचा दाखला आहे, तो पाठव. अल्बम नको, इथे तो पुरावा धरत नाहीत. आणि बाबा, तुम्हीही तुमचं मृत्युपत्र करून टाका. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साधा कागद चालतो. फक्त दोन साक्षीदार लागतात, आणि ते वाटणीत काही घेणं नसलेले असावेत. सातबारावर नाव नसलेली दोन माणसं आपल्या वाडीत सापडली तर उत्तमच, नाहीतर शृंगारतळीहून मागवा.

तुमचा,
पहिल्या वर्गाचा लाडका आणि दुसऱ्या वर्गाचा आज्ञाधारक मुलगा

ता. क. सूनबाईने विचारलंय, सासूबाईंच्या पाटल्यांचा उल्लेख कुठल्या मृत्युपत्रात येणार? मी मध्ये पडत नाही.