त्सुमेते कुदासाई, भाऊ!

जपानी भाषेत बससुद्धा शिस्तीत धरावी लागते. चढायचं तर ‘बासु नि नोरिमासु’, उतरायचं तर ‘बासु ओ ओरिमासु’. चढताना ‘नि’, उतरताना ‘ओ’. अदलाबदल चालत नाही. पुतण्याला नोकरीसाठी जपानला जायचंय, त्याची उजळणी घ्यायचं काम माझ्याकडे. सराव आम्ही अमरावती-अकोला गाडीत करतो.

पहिली पंचाईत बडनेऱ्याला. तिथं अकोल्याला निघालेला मी उतरत नाही; गर्दीकडून उतरवला जातो आणि पुन्हा चढतो. अशा वेळी ‘ओरिमासु’ म्हणणं म्हणजे खोटी साक्ष. खरं रूप ‘ओरोसारेमासु’, म्हणजे ‘उतरवला जातो’. कर्मणी प्रयोग पुस्तकात फार पुढे आहे. बडनेरा मात्र लगेच येतं.

‘सरका ना भाऊ’ला काय म्हणावं? वाटलं, त्या सभ्य लोकांना असा शब्द लागतच नसेल. पण निघाला! ‘मोओ सुकोशि त्सुमेते कुदासाई.’ हेच ‘त्सुमेरु’ डब्यात जेवण भरतानाही वापरतात. तिघांच्या बाकावर चौथा बसवायला याहून चपखल क्रियापद कुठलं? टोकियोच्या गर्दीच्या गाड्यांत तर माणसं आत रेटायला पगारी ‘ओशिया’ असत. आपल्याकडे ही सेवा मागचा प्रवासी फुकट देतो.

‘हायाई’ म्हणजे वेगवान आणि ‘हायाई’ म्हणजेच लवकर. लिहिताना चिन्हं तेवढी वेगळी. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोल्यादरम्यान एका पदराचा 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत सलग घातला गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. म्हणजे रस्ता पहिल्या अर्थानं हायाई. दुसऱ्या अर्थानं हायाई व्हायला आम्हा प्रवाशांना घरून वेळेवर निघावं लागेल. तो विक्रम अजून शिल्लक आहे.

पुस्तकातलं सगळ्यात उपयोगी वाक्य सुरुवातीलाच येतं: ‘दोको ए इकिमासु का?’ कुठे निघालात? जपानी बसमध्ये अनोळखी माणसाला हे सहसा कुणी विचारत नाही. तिथं फोनवर बोलणंही गैर. म्हणजे हे वाक्य खपायचं ते वऱ्हाडातच! इथं मूर्तिजापूर यायच्या आत शेजारी गाव, शेती, कापसाचा भाव विचारून लग्नाच्या पोरीपर्यंत पोचलेला असतो.

परवा एका आजोबांनी विचारलंच, “कुठी चालला रे बापू?”

पुतण्या ताठ बसून म्हणाला, “अकोला ए इकिमासु.”

“हाव ना, आमी बी तिकडंच. सरक जरासा.”

पुतण्या सरकला. व्याकरणात एकही चूक नव्हती.