फॉरमॅट मारू का?

पाटसला हायवेलगतच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर बसला की निदान तयारच असतं : "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागंल." पीकविम्याची मुदत संपत आलीय, बापू-तात्या सातबारा घेऊन ताटकळलेत, निदानाला त्याचं काय? फॉरमॅट होतो. संध्याकाळी निळा पडदा पुन्हा हजर. मग संशय व्हायरसवर, मग सर्व्हरवर. कॅबिनेट उघडायची पाळी सर्वांत शेवटी. आत फॅनवर धुळीची गोधडी आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या. शाळेतल्या खोडरबरने घासल्या की गडी पळायला लागतो.

खरं तर फॉरमॅटआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावं. तिथंही मशीनने मान टाकली, तर दुखणं बहुधा हार्डवेअरचं. ठणठणीत चाललं, तर विंडोज नाहीतर ड्रायव्हर धरावा. हार्ड डिस्कलाही मोकळं सोडू नये, कारण या चाचणीत तिला कोणी कामाला लावलेलंच नसतं. पण फॉरमॅटचं बिल होतं, खोडरबराचं कोण देणार?

उलटंही घडतं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे केले. रॅम, फॅन, सगळं धडधाकट, तरी आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची वेळ आली. असली महागडी राखण मोठ्या कंपन्यांना परवडते. झेरॉक्सवाल्याच्या मशीनला बंद पडायला उसाच्या ट्रॅक्टरने उडवलेली धूळ पुरते.