ओ ले म्हणजे काय रे भाऊ?

धरमपेठेतल्या एका कॅफेचं मेनूकार्ड उघडलं. बाहेर 45 अंश, आत 'कॅफे ओ ले'. अर्थ? दुधाची कॉफी. आमची आजी जायफळ किसून उकळायची तीच. फ्रेंच येत नसल्यामुळे बिचारीला पैसे मागता आले नाहीत. मित्रानं हेझलनट समजून 'न्वाझेट' मागवली. आली एस्प्रेसोत चमचाभर दूध. हेझलनट फक्त रंगापुरतं! खुद्द पॅरिसात 'अं कॅफे' एवढंच म्हटलं की मुकाट्यानं एस्प्रेसो समोर येते. 'ओ ले' तिथे सकाळी घरी, वाडग्यातून, पाव बुडवून प्यायची चीज. म्हणजे आपलं चहा-टोस्टच की! वेटरला विचारलं, "भाऊ, वाडगा हाय का?"

तो म्हणाला, "सर, सूप पाहिजे काय?"