माउंटनवाल्या शेठना खुलं पत्र

सायकलवाले शेठ,


परवा तुम्ही मला जे ज्ञान पाजलंत, त्याचे जाहीर आभार मानायला हे पत्र. माझं मागणं एवढंच होतं, की हँडल बदलून द्या. त्यावर भरल्या दुकानात हसून तुम्ही म्हणालात, "नाखवा, ते मागे वळलेलं हँडल म्हाताऱ्यांचं, नाहीतर लेडीजचं. हे बघा, एमटीबी! माउंटन!"

शेठ, पाचूबंदरात माउंटन कुठला हो? उंच म्हणावं असं आमच्याकडे काही असेल तर किल्ल्याचा तट. तो चिमाजी आप्पांनी 1739 साली सर केला, तोही सायकलशिवाय. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 1970 च्या दशकात डोंगर उतरण्याचं वेड लागलेल्या पोरांनी ही सायकल घडवली. खडक चुकवत भरधाव खाली यायचं, तर रुंद हँडल हवंच. मला पारनाक्यावरून पाव आणायचा असतो.

आणि 'लेडीज' म्हणून कमी लेखायचं असेल, तर आधी आमच्या बायकांसमोर मासळीचा भाव करून दाखवा.

आता हाताचं ऐका. दुकानातच उभे राहा, दोन्ही हातांत पाने धरा आणि हात सैल सोडा. पाने एका रेषेत येतात का? येत नाहीत. मुठी तिरक्याच राहतात, देवाने मनगट तसंच बसवलंय. तुमचा सरळ दांडा ते मुरडतो. वर हँडल खाली आणि लांब, म्हणून अंगाचा भार तळहातावर, नेमका करंगळीच्या बुडाशी. तिथून एक शीर जाते. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच. ती दबली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. डॉक्टरांकडे याला 'हँडलबार पाल्सी' असं नावसुद्धा आहे. आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलीचं हँडल मागे वळून पोटाशी यायचं. पाठ ताठ, भार सीटवर. हॉलंडमधले लोक आजही तसंच हँडल धरून कचेरीत जातात, आणि त्यांना कोणी म्हातारं म्हणत नाही.

मडगार्ड नाही, कॅरियर नाही, चेनकव्हर नाही, ते सगळं मी सोडून दिलं. पण बोटं बधिर होतात म्हटल्यावर तुम्ही जेल ग्लोव्हजचं पाकीट पुढे केलंत! शेठ, या हातांनी मी डोलीचं जाळं ओढतो. भरतीच्या जोरात दोराला पीळ बसतो, तेव्हा दोर कुठे आहे हे डोळ्यांना नाही, बोटांना कळतं. बोटाला कळलं नाही तर बोट जातं. हे तुमच्या माउंटनच्या स्टिकरवर लिहिलंय कुठे? गिऱ्हाइकाचा हात बघायचा नाही, उंची बघायची नाही, फक्त रंग कोणता देऊ विचारायचं, ही दुकानदारी झाली?

पण राग तुमच्यावर पुरता धरवत नाही. डीलरकडून येईल तो माल तुम्ही लावता, आणि पोरं मोबाइलवर चित्र बघून आधीच ठरवून येतात. साहिबाबादचा अ‍ॅटलसचा कारखाना 2020 मध्ये 3 जूनला बंद पडला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. कारखान्याची ती गत, तर तुमच्या गल्ल्याचं काय सांगावं? पाने फिरवून फिरवून तुमचंही मनगट दुखतं, नट आवळताना तोंड वाकडं होतं ते मी पाहिलंय. तुम्ही स्वतः स्कूटरवर येता. तिचं हँडल कोणीकडे वळलंय, बघा एकदा.

तेव्हा भांडण पुरे, काम सांगतो. काळ्या सायकलीचं रॉड ब्रेकवालं हँडल माझ्या सायकलीला बसणार नाही, हे मलाही कळतं. साधं केबल ब्रेकवालं, मागे वळलेलं मागवा. मुठीची नळी सरळ आणि वळलेल्या, दोन्ही हँडलांना 22.2 मिलिमीटरचीच असते, आहेत तेच ब्रेक चढतील. मधल्या क्लॅम्पचं माप मात्र 25.4 आहे की 31.8, ते मोजून घ्या. हँडल मागे आल्यावर केबल नीट वळते का, तेही बघा. आणि अ‍ॅल्युमिनियमचं असू द्या, आमच्या खाऱ्या वाऱ्यात क्रोम टिकत नाही. पैसे रोख देईन.

आपला,
पाचूबंदरचा एक नाखवा